गाडीची स्प्रिंग तुटली, बसली, बदलायची आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै लागला की हे प्रश्न यायला लागतात आणि गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तर फोन खाली ठेवता येत नाही. तेच तेच प्रश्न निवडून इथे उत्तरं दिली आहेत. बोलणं मुख्यतः मुंबईत धावणाऱ्या छोट्या-मध्यम गाड्यांबद्दल आहे, म्हणजे पुढे स्प्रिंग-शॉकअप एकत्र आणि मागे आडव्या बीमवर (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा दांडा) स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. पाटे (वेटोळ्यांच्या स्प्रिंगऐवजी एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या) असलेल्या गाड्यांसाठी थेट प्रश्न १९ वर जा.

१. स्प्रिंग आणि शॉकअप एकच ना? मेकॅनिक कधी हे म्हणतो, कधी ते.

नाही. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते आणि गाडीची उंचीही तीच ठरवते. शॉकअप वजन पेलत नाही. दबलेली स्प्रिंग वर येताना गाडी झोके खात राहू नये, एवढंच त्याचं काम. त्यामुळे गाडी बसली असेल तर आधी संशय स्प्रिंगवर घ्यायचा, आणि स्पीडब्रेकर ओलांडल्यावर गाडी दोन-तीनदा डुलत असेल तर शॉकअपवर. बॉनेट दाबून सोडायची ती प्रसिद्ध चाचणी शॉकअपची आहे. स्प्रिंगबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

२. स्प्रिंग गेली आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

शिंप्याची टेप घ्या. चाकाच्या मध्यापासून सरळ वर, मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांना मोजा. जमिनीपासून मोजू नका, कारण मग टायरची हवा आणि झीजही त्या मापात येते. चारही चाकांत कंपनीने सांगितलेली हवा हवी, डिकी रिकामी हवी, गाडीत कोणी बसलेलं नको.

खरी अडचण सपाट जागेची. सोसायटीच्या कंपाउंडला पाणी निघून जावं म्हणून मुद्दाम उतार दिलेला असतो आणि रस्त्याकडेला एक चाक हमखास पेव्हर ब्लॉकच्या उंचवट्यावर चढतं. म्हणून एकदा मोजून झालं की गाडी उलट तोंडाने त्याच जागी लावा आणि परत मोजा. दोन्ही वेळा तीच बाजू कमी आली तर दोष गाडीत. बाजू बदलली तर दोष जमिनीत. एकाच जोडीच्या डाव्या-उजव्या चाकांत दहा मिलिमीटरपर्यंत फरक दिसला तर घाबरायचं कारण नाही. पंधराच्या पुढे गेला तर गाडी लिफ्टवर घ्या.

दोन्ही बाजू सारख्याच बसल्या असतील तर मात्र टेप फसवते. मग तुमच्याच मॉडेलची, तेवढ्याच टायर साइजची एखादी नवी गाडी सोसायटीत शोधा आणि तिच्याशी ताडून बघा. मालकाला आधी विचारा, नाहीतर वॉचमन येतो.

मोजमापाखेरीज या खुणा बघा: छोट्याशा स्पीडब्रेकरलाही गाडी तळाला आपटणं, मागे दोघं बसले की टायर आतल्या पत्र्याला घासणं, टायरची आतली कड लवकर झिजणं, आणि समोरच्याने हेडलाइट वर असल्याची तक्रार करणं.

३. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढून 'टण्ण' असा आवाज येतो. स्प्रिंगच तुटली ना?

असू शकते, पण तेवढ्यावरून पैसे देऊ नका. स्प्रिंगचं खालचं वेटोळं तुटलं की स्टिअरिंग वळवताना ती आधी अडकते, मग एकदम सुटते, आणि तार छेडल्यासारखा आवाज येतो. नेमका तसाच आवाज वरच्या माउंटिंगचं (स्प्रिंग-शॉकअप वर बॉडीला जिथे बसतात तो भाग) बेअरिंग जाम झालं तरी येतो. एकाने स्टिअरिंग फिरवावं आणि दुसऱ्याने स्प्रिंगच्या कड्यावर हलकेच बोट ठेवावं, गाडी उभी आणि हँडब्रेक ओढलेला. बेअरिंग जाम असेल तर स्प्रिंग झटका देत फिरते.

खड्ड्यातून जाताना येणारी बारीक 'खडखड' बहुतेकदा लिंक रॉडची (गाडी कलू नये म्हणून लावलेल्या आडव्या सळईला जोडणारा छोटा दांडा) असते. तो स्वस्त असतो आणि पटकन बदलतो. आधी तो बघायला सांगा.

४. तुटलेली स्प्रिंग घेऊन गॅरेजपर्यंत गाडी चालवत नेली तर चालेल का?

मागची तुटली असेल, तुकडा जागेवर असेल आणि गॅरेज जवळ असेल तर सावकाश, रिकाम्या गाडीने नेता येते. पुढची असेल तर टो करा. बऱ्याच गाड्यांत पुढच्या स्प्रिंगचा खालचा कप (स्प्रिंग बसते ती वाटी) टायरच्या अगदी जवळ असतो. तुटलेलं टोक तिथून घसरलं की सरळ टायरची आतली बाजू चिरतं, आणि ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर ऐंशीच्या वेगात पुढचा टायर फुटणं काय असतं हे सांगायला नको. चाक सरळ ठेवून आत बॅटरी मारा. टोक आणि टायर यांत बोटभरही जागा दिसत नसेल तर किल्ली खिशात टाका.

५. एवढी जाड सळई तुटतेच कशी? खड्ड्यामुळेच ना?

खड्डा शेवटचा घाव घालतो. सुरुवात गंजाने होते.

स्प्रिंगचं पोलाद उच्च ताकदीचं असतं आणि त्यावर रंगाचा जाड थर असतो. खालचं वेटोळं कपात बसतं तिथे चिखल, वाळू आणि पाणी साचतं. कप आणि स्प्रिंग यांच्यामध्ये वाळू सापडली की प्रत्येक हेलकाव्याला ती सँडपेपरसारखी थर खरवडते. उघड्या पडलेल्या पोलादावर गंजाचा एक सूक्ष्म खळगा पडतो. पीळ बसताना सगळा ताण त्या खळग्याच्या तळाशी एकवटतो आणि तिथून तडा आत सरकू लागतो. हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यातून गेलेली गाडी आठवडाभर तशीच उभी राहिली, की या कामाला पुरेसा वेळ मिळतो. वरळी, वांद्रे, वर्सोवा अशा समुद्रालगतच्या भागात खारी हवा बाराही महिने तेच करते.

तुटलेला तुकडा हाती आला तर फेकण्याआधी त्याचं तुटलेलं तोंड बघा. एका कडेला काळपट-तपकिरी चंद्रकोरीसारखा भाग दिसतो, बाकीचा राखाडी आणि दाणेदार असतो. तपकिरी भाग म्हणजे जुना तडा, त्यात बरेच दिवस पाणी जात होतं. राखाडी भाग त्या दिवशी तुटला. 'काल खड्ड्यात गेली आणि तुटली' म्हणणाऱ्या बहुतेकांच्या तुकड्यावर ती चंद्रकोर असते.

६. किती किलोमीटरला बदलायची?

ठरलेला आकडा नाही. शॉकअप, बुश (सांध्यांतली रबरं), लिंक रॉड हे झिजणारे पार्ट आहेत, स्प्रिंग बहुतेकदा त्यांच्यापेक्षा जास्त टिकते. 'साठ हजार झाले, स्प्रिंगा बदलून टाका' असं कोणी म्हणालं तर प्रश्न २ मधली टेप काढा. सतत भरलेली धावणारी टॅक्सी आणि रविवारी फक्त दादर मार्केटला जाणारी गाडी यांना एकच आकडा लागू होईल तरी कसा?

७. एकच तुटली आहे. दुसरी चांगली आहे, तीही का बदलू?

दुसरीनेही तेवढेच पावसाळे काढलेत, आणि ती थोडी बसलेलीही असते. एक नवी, एक जुनी ठेवली की गाडी कलते आणि ब्रेक दाबल्यावर दोन्ही बाजू वेगवेगळ्या दबतात. म्हणून पुढच्या दोन्ही किंवा मागच्या दोन्ही. चारही बदलायची सक्ती नाही. मागची जोडी मापात बसत असेल तर तिला हात लावू नका.

अपवाद एकच: गाडी वर्षभराच्या आतली, नवीकोरी, आणि एकच स्प्रिंग सदोष निघाली. तिथे वॉरंटीत एकच बदलून मिळते आणि ते चालतं.

८. स्प्रिंगबरोबर शॉकअप, माउंटिंग, बंप स्टॉपही बदला म्हणतात. लुबाडताहेत का?

पुढच्या बाजूला नाही. पुढची स्प्रिंग काढायची तर शॉकअपची पूर्ण काठी बाहेर काढून उघडावी लागते. शॉकअपमधून तेल गळत असेल किंवा तो थकला असेल तर पुढच्या वर्षी तीच मजुरी पुन्हा भराल. माउंटिंगचं रबर चिरलं असेल, बेअरिंग खरखरत असेल तर तेही आत्ताच. बंप स्टॉप (गाडी तळाला आपटू नये म्हणून असलेलं रबर) आणि धुळीचं बूट (शॉकअपवरचं रबरी आवरण) किमतीने किरकोळ आहेत, त्यात काटकसर नको. मात्र शॉकअप कोरडा असेल आणि दाबल्यावर सगळीकडे सारखा जोर देत असेल तर 'जुनाच बसवा' असं बेधडक सांगा.

मागच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकअप वेगळे असल्याने हे गणित लागू होत नाही.

९. स्प्रिंगच्या वेटोळ्यात घालायचे रबर बफर मिळतात. दुकानदार म्हणतो गाडी दोन इंच उचलेल. स्प्रिंग बदलण्याऐवजी ते घालू का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. उत्तर: नको.

बफर घातल्याने थकलेली स्प्रिंग ताजी होत नाही. तिची दोन वेटोळी दबायची थांबतात, बस्स. आता खड्ड्यात चाक तेवढंच वर गेलं तर तो सगळा दाब उरलेल्या वेटोळ्यांनीच सोसायचा, त्यांना जास्त पीळ बसतो. गाडी उंच दिसते, स्पीडब्रेकरला आपटत नाही, आणि पहिले काही दिवस मालक खूश असतो. मग धक्के थेट माउंटिंगला बसायला लागतात. शिवाय रबर आणि सळई यांच्या फटीत पाणी अडकतं आणि घासून घासून रंग निघतो. म्हणजे प्रश्न ५ मधली सगळी गोष्ट आता स्प्रिंगच्या मधोमध. तडा आधीच पडला असेल तर बफर तो झाकून टाकतो, डोळ्यांनाही दिसत नाही. वॉरंटीतल्या गाडीला सर्व्हिस सेंटर त्यावर बोट ठेवून क्लेम नाकारू शकतं.

'माझ्या मेहुण्याने चार वर्षांपूर्वी घातलेत, काही झालं नाही' असंही येतं. चांगल्या स्प्रिंगवर घातले असतील तर नसेलही झालं. तुम्ही बसलेल्या स्प्रिंगवर घालायला निघालात.

१०. तुटलेली वेल्डिंग करून, किंवा कुर्ल्याहून जुनी आणून लावली तर?

वेल्डिंग कधीच नाही. स्प्रिंगची लवचिकता ही तापवून, थंड करून दिलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने ती त्या जागी मरते आणि शेजारी ठिसूळ पट्टा तयार होतो. तिथूनच पुन्हा तुटते, आणि तेही न सांगता.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या मालाबद्दल: दरवाजा घ्या, आरसा घ्या, टेललाइट घ्या, मस्त मिळतं. स्प्रिंग घेऊ नका. ती किती बसली आहे हे हातात धरून कळत नाही, आणि वरून काळा रंग मारला की गंजही दिसत नाही. फक्त बंद पडलेल्या मॉडेलला नवा पार्ट कुठेच मिळत नसेल तर नाइलाज. तेव्हा एकाच गाडीची जोडी घ्या, रंग खरवडून बघा, दोन्ही शेजारी उभ्या करून उंची जुळवा.

११. दुकानात नेमकी कोणती स्प्रिंग मागायची? 'पुढची द्या' म्हटलं की तीन प्रकार दाखवतात.

गाडीचा चॅसिस नंबर द्या, त्यावरून पार्ट नंबर काढायला लावा. एकाच मॉडेलमध्ये पेट्रोल आणि डिझेलला पुढची स्प्रिंग वेगळी असू शकते, कारण डिझेल इंजिन जड. ऑटोमॅटिकला वेगळी असू शकते. काही गाड्यांना डावी आणि उजवीही वेगळी असते. वेटोळ्यांवर रंगाचे ठिपके असतात, ती फॅक्टरीची प्रतवारीची खूण. जुन्यावर दिसत असतील तर फोटो काढून ठेवा, पण निव्वळ ठिपक्यांवरून खरेदी करू नका.

ऑपेरा हाऊसच्या दुकानांत गेलात तर जुनी स्प्रिंग सोबत न्या. सळईची जाडी, वेटोळ्यांची संख्या आणि टोकाचा आकार तिथेच ताडून बघता येतो. नवी थोडी उंच दिसली तर ते बरोबरच आहे, जुनी बसलेली असते.

१२. गाडीला बाहेरून सीएनजी बसवलाय. तेव्हापासून मागून बसलेली दिसते. स्प्रिंग खराब झाली का?

खराब झालेली नसेलही. साठ लिटरचा पोलादी सिलिंडर रिकामाच साधारण साठ किलोचा असतो. म्हणजे एक माणूस डिकीत कायमचा बसवून ठेवला आहे. पेट्रोल गाडीची मागची स्प्रिंग त्या हिशेबाने बनवलेली नाही.

कंपनी तुमच्याच मॉडेलची सीएनजी गाडी विकत असेल तर तिच्या मागच्या स्प्रिंगचा पार्ट नंबर विचारा. तो वेगळा निघाला तर ती जोडी हा सर्वांत सरळ उपाय, कारण माप, बैठक सगळं जुळतं. तशी गाडी कंपनी विकतच नसेल तर मूळ मापाची नवी जोडी आणि डिकीतला बाकीचा पसारा कमी. बफरचा मोह झाला तर प्रश्न ९ पुन्हा वाचा.

१३. व्हिडिओ बघून घरी बदलू शकतो का?

पुढची: नाही. शॉकअपच्या काठीत स्प्रिंग दाबून बसवलेली असते. शिकंज्याने नीट न दाबता वरचा मधला नट सोडला तर ती शेकडो किलोच्या जोराने उसळते. जबडा फुटलेले, बोटं गेलेली माणसं या धंद्यात आहेत. भाड्याने मिळणाऱ्या दोन हुकांच्या शिकंज्याचे आटे झिजलेले असतात, आणि तुटलेल्या स्प्रिंगवर हुक सरळ बसतही नाही.

मागची, बीम असलेल्या गाडीत: हाताला सवय असेल तर होऊ शकते. दोन्ही बाजू स्टँडवर, बीमखाली जॅक, शॉकअपचे खालचे बोल्ट सोडून बीम हळूहळू उतरवायचा. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, हे प्रत्येक टप्प्यावर बघायचं. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

१४. गॅरेजमध्ये उभं राहून काय बघू, म्हणजे काम नीट झालं हे कळेल?

तीन गोष्टी. स्प्रिंगचं टोक कपातल्या पायरीला टेकलं पाहिजे. तिथे बोटभर फट राहिली तर स्प्रिंग नंतर फिरते आणि आवाज करते. काही स्प्रिंगांना वर-खाली असतं, एका टोकाची वेटोळी दाट असतात. ती काढली होती तशीच बसली पाहिजेत.

दुसरं, खालचे कप आणि रबराच्या बैठका पुसल्या का. जुना चिखल तसाच ठेवून नवी स्प्रिंग बसवणारे बरेच आहेत, आणि दोन पावसाळ्यांत त्याचं फळ मिळतं.

तिसरं सहसा कोणीच करत नाही. कामात आर्मचे (चाकाला धरणारा दांडा) किंवा बीमचे बुश असलेले बोल्ट सोडले असतील, तर त्यांची शेवटची आवळणी गाडी चाकांवर उभी असताना व्हायला हवी. चाक लोंबकळत असताना आवळले तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मेकॅनिकला गोड शब्दांत विचारा, 'मामा, खाली घेऊन टाइट करणार ना?' बहुतेक जण हसून करतात.

१५. अलाइनमेंट लगेच करायची का?

पुढचं काम झालं असेल तर हो, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात. फक्त मागच्या स्प्रिंगा बदलल्या आणि बीमचे बोल्ट हलवले नाहीत, तर तपासून घेतलं की पुरे. हेडलाइटची उंची दोन्ही वेळा बघा. पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या.

१६. खर्च किती येईल?

मॉडेलप्रमाणे इतका बदलतो की इथे आकडा लिहिला तर तो दाखवून भांडणं होतील. बिल वाचायला शिका. कंपनीच्या पार्टच्या लेबलवर छापील किंमत असते, तीत कर धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्टवर जीएसटी १८ टक्के आहे. कोणी अजून २८ टक्के लावत असेल तर विचारा. मजुरी पुढच्या जोडीला जास्त, मागच्याला कमी, कारण प्रश्न ८ मध्ये आहे. अलाइनमेंटचे पैसे वेगळे. जुने पार्ट मागून घ्या, खरंच बदलले का तेही कळतं.

१७. खड्ड्यात तुटली. विमा मिळेल का?

झीज आणि यांत्रिक बिघाड पॉलिसीत येत नाही. बाहेरून बसलेल्या आघाताचं नुकसान येतं. रिम वाकलं, टायर फाटला, आर्म वाकला आणि त्याबरोबर स्प्रिंग तुटली तर दावा टिकतो. एकटी स्प्रिंग तुटली आणि तोंडावर गंजाची चंद्रकोर असेल तर सर्व्हेअर बघताक्षणी ओळखतो. गाडी उघडण्याआधी कंपनीला कळवा. आणि आधी हिशेब करा: दावा घेतला की नो क्लेम बोनस जातो, तो २० ते ५० टक्के असतो. एका जोडीसाठी बहुतेकदा परवडत नाही.

१८. गाडी खाली करायला छोट्या स्प्रिंगा, किंवा खड्ड्यांसाठी उंच करणाऱ्या. चालतात का?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं, आणि कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मूळ मापाची नवी स्प्रिंग हा बदल धरला जात नाही, ती दुरुस्ती. मूळ स्प्रिंगची वेटोळी कापून गाडी खाली करणं तर दुप्पट वाईट. कापलेलं टोक कपात बसत नाही आणि चाक लोंबकळलं की स्प्रिंग जागा सोडते.

१९. माझ्या बोलेरोला मागे पाटे आहेत. वरचं सगळं लागू आहे का?

जोडीने बघायचा नियम, गंज आणि टेपचं मोजमाप लागू. बाकी वेगळं. पाट्यांच्या थरातला एखादाच पाटा तुटतो आणि तो पाटेवाल्याकडे बदलूनही मिळतो. मुख्य पाटा, म्हणजे ज्याला दोन्ही टोकांना डोळे असतात तो, तुटला असेल तर गाडी हलवू नका, कारण मागचा अ‍ॅक्सल त्यानेच जागेवर धरलेला असतो. मधला बोल्ट, यू-बोल्ट आणि शॅकलचे (पाट्याचं टोक गाडीला जोडणारी कडी) बुश त्याच वेळी बघा. ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमच्या हटलेल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीलाही मागे पाटेच होते. तिच्यावर हात बसलेले जुने मिस्त्री अजून भेटतात, आणि पाट्याच्या कामात त्यांना तोड नाही.

२०. गणपतीला कोकणात जातोय. पाच जण आणि सामान. गाडी आत्ताच थोडी बसली आहे, आल्यावर बदलली तर?

जाण्याआधी बदला, आणि निघायच्या आदल्या रात्री नाही. आठवडाभर आधी बदललीत तर आवाज, अलाइनमेंट, नट आवळणं सगळं मुंबईत उरकतं. कशेडीच्या आसपास स्प्रिंग मिळाली तरी तुमच्या पार्ट नंबरची मिळेलच असं नाही. वेळ नसेलच तर जड सामान मागच्या सीटच्या पाठीला टेकवून खाली ठेवा, भरलेल्या गाडीची टायरमधली हवा दरवाजाच्या स्टिकरप्रमाणे करा, आणि एका माणसाला एसटीत बसवा.

२१. पुढची जोडी नवी टाकली तरी गाडी पुढून डावीकडे कललेली. मेकॅनिक म्हणतो स्प्रिंग सदोष आहे.

कदाचित दोष मागे आहे. मागची उजवी स्प्रिंग बसली की गाडी त्या कोपऱ्यावर झुकते, समोरासमोरचा पुढचा डावा कोपरा उचलला जातो. मागची डावी बसली की उलट. चार पायांचं टेबल एका पायाने आखूड असलं की डुगडुगतं, तसंच. लिफ्ट असलेल्या गॅरेजमध्ये मागचा बीम बरोबर मधोमध उचलून बघायला सांगा, अर्थात तुमच्या गाडीत तिथे जॅक लावायला परवानगी असेल तर. मागचा भार असा मधल्या एका बिंदूवर आला आणि पुढचा भाग सरळ झाला, तर दोष मागच्या जोडीत. तरीही कललेलाच राहिला तर पुढे बघा: डावी-उजवी स्प्रिंग उलटसुलट बसली का (प्रश्न ११), टोक पायरीला आहे का (प्रश्न १४), आणि गाडीचा जुना अपघात असेल तर वरचा टॉवर (स्प्रिंग-शॉकअप वर जिथे बसतात तो बॉडीचा भाग) दबलेला आहे का. तो दबला असेल तर कोणतीही स्प्रिंग गाडी सरळ करणार नाही, ते काम डेंटरचं.